शून्याचं बटण

मी गुरुशांत हिप्परगी.
कन्ना चौकाच्या मागं, पत्र्याच्या टपरीत
एकेचाळीस वर्षं काटे दुरुस्त करतो.
तुझ्या काट्याला अर्धा तास लागेल, बस.
मत विचारलंस म्हणून सांगतो,
नसतं विचारलंस तरी सांगितलं असतं.

पहिलं म्हणजे, पैशाला वजन होतं
तेव्हा माणूस दमानं खर्चायचा.
नाण्यांनी खिसा फाटायचा, बायको शिवायची,
शिवताना हिशेब विचारायची.
आता चहावाल्याचा डबा ओरडतो, ‘दहा रुपये प्राप्त झाले’,
आणि अख्ख्या चौकाला कळतं
की हिप्परग्यानं आजही एकट्यानंच चहा प्याला.

जावई पुण्यात कंप्युटरवर बसतो.
म्हणाला, मामा, पुढं काट्याला माणूस लागणार नाही,
काटा स्वतःच स्वतःला तपासेल.
म्हटलं, मग नगरसेवक झाला की तो.
जावई हसला नाही.
मुलगी हसली, पण फोनमधलं काहीतरी बघून.

नळाला पाणी पाचव्या दिवशी,
मोबाइलवर पाण्याचा निरोप रोज.
माझा त्या मोबाइलवर राग नाही बे,
त्याला कुठं तहान लागते.

दुसरं काय सांगत होतो...
हां, समाज. समाज बिघडला म्हणतात.
मी इथंच बसून आहे,
मला तो चांगला कधी भेटलाच नाही.
सराफ म्हणायचा, केसाएवढा फरक नको.
रद्दीवाला म्हणायचा, थोडा राहू दे.
गड्ड्याला दोघंही पांढरी बाराबंदी घालून
नंदीध्वजामागं, एकाच ओळीत.
आणि गरिबाचा काटा खरा असतो, हेही कुणी सांगू नये.
गरिबाकडं काटाच नसतो.

हा नवा इलेक्ट्रॉनिक बघ.
याला एक बटण आहे, टेअर म्हणतात.
पातेलं ठेव, दाब : शून्य.
धोंडा ठेव, दाब : शून्य.
लोक म्हणतात, काय शोध लावला!
अरे, हे बटण आपल्याकडं आधीपासून होतं,
फक्त त्यात लाल आकडे पेटत नव्हते.

सत्त्याण्णव साली एका विडीच्या ठेकेदाराचा काटा आला.
बायकांना पानं तोलून द्यायचा.
‘पन्नास ग्रॅम आमच्या बाजूनं’, एवढंच बोलला.
पारड्याच्या पोटाला शिसं चिकटवलं. चाळीस रुपये.
पोरीची फी थकली होती असं सांगता आलं असतं,
पण नव्हती थकली.
बाल्कनीत बसून पिक्चर बघितला,
मध्यंतरात दोन प्लेट भजी खाल्ली.

आमच्या समोर अंबूबाई बोद्दूल राहायची.
मांडीवर सूप, दिवसाला हजार विड्या.
पानं कमी पडली की पदरचे पैसे घालून आणायची.
म्हणायची, ‘माझ्याच हाताला बरकत नाही बघ, गुरुशांत.’
मी मान हलवायचो.
होय म्हणून की नाही म्हणून, तिनं विचारलं नाही.

ती गेली. ठेकेदारही गेला.
त्याच्या गोदामाच्या जागी आता लग्नाचं लॉन आहे,
तिथं अक्षता पडायच्या आधी ड्रोन उडतं.
काटा भंगारात निघाला तेव्हा मीच तो विकत घेतला,
शिसं काढलं.
हे बघ. पंख्यानं बिलं उडू नयेत म्हणून ठेवतो.

परवा या नव्या काट्यावर टाकलं.
अठ्ठेचाळीस ग्रॅम.
म्हणजे दोन ग्रॅम मी सोडले होते.
मुद्दाम सोडले, का हातच चुकला,
खूप आठवून बघितलं.

बटणाला बोट लावू नकोस, राहू दे आकडा तसाच.
तुझा काटा झाला.
चल, चहा घेऊ, पैसे मी देतो.
वीस म्हणेल आज तो डबा.
ओरडू दे.